वरची ओंजळ

मी बिरदेवला चोर म्हटलं नव्हतं. हे मी अजूनही सांगते, पण आता ते मलाच पटत नाही. मी एवढंच विचारलं होतं, "मग सिमेंट गेलं कुठं?" विचारलं ते जत तालुक्यातल्या त्या गावात, शाळेच्या मैदानात. समोर सरपंच होते, गुरुजी होते आणि नव्या टाकीची वाट बघून कंटाळलेल्या पंधरा-वीस बायका होत्या. मी मूळची लोणंदची. कांद्याच्या लिलावात घसा फोडून बोलणाऱ्या माणसांत वाढलेली, त्यामुळे माझा साधा प्रश्नही दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जातो.

बिरदेव गवंडी. पस्तिशीचा, अंगानं काटक, बोलायला कमी. टाकी त्यानं बांधली होती. माझा प्रश्न ऐकून त्यानं हातातली थापी पायजम्याला पुसली आणि म्हणाला, "बाई, तुमच्या कागदावर जेवढं हुतं तेवढंच घातलंय." त्याची आई, बनुबाई, बायकांत उभी होती आणि एकटक माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, काय साळसूद माणूस आहे! तोंडानं म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर आलंच असणार. माझ्या पोटातलं चेहऱ्यावर यायला वेळ लागत नाही, असं आई म्हणते.

सांगलीच्या तंत्र विद्यापीठात मी पीएचडी करते. विषय सांगायला सोपा आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं, त्याची राख ढिगानं उरते आणि ती टाकायची कुठं हा प्रश्न पडतो. ती राख काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी किती घालता येईल, हे मी शोधत होते. शंभर किलो सिमेंट लागत असेल तिथं ऐंशी किलो सिमेंट आणि वीस किलो राख, हे माझं उत्तर. त्या उत्तरामागं माझी तीन वर्षं गेली.

काम असं चालतं. माल कालवायचा, लोखंडी साच्यात भरायचा. वीतभराहून जरा लहान असे चौकोनी ठोकळे तयार होतात, त्यांना क्यूब म्हणतात. अठ्ठावीस दिवस ते पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग यंत्रात घालून फोडायचे. किती भाराला फुटला तो आकडा वहीत लिहायचा. आमच्या मिश्रणाचा आकडा पंचवीसच्या वर हवा. खाली आला की क्यूब पडला म्हणायचं.

हे सगळं मी करायचे असं म्हटलं तर खोटं होईल. वजनं मी करायचे, अगदी ग्रॅमपर्यंत. कालवणं आणि भरणं आकाराम मामांकडं. मामा आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, निवृत्तीला चार महिने राहिलेले. विद्यापीठात लागण्याआधी ते धरणांच्या आणि पुलांच्या साईटवर होते, आणि तिथंही त्यांचं काम एकच, क्यूब भरायचे. मामांच्या हातचा क्यूब बघावा! कडा कोऱ्या, अंगावर एक छिद्र नाही. शुक्रवारी ते माझ्यासाठी घरून भाकरी आणि खर्डा आणायचे, कारण त्यांच्या मते खोली घेऊन राहणाऱ्या पोरी नुसत्या चहावर जगतात. मी विश्रामबागेत खोली घेऊन राहायचे आणि खरोखरच चहावर जगायचे. मला मामांचा फार लळा होता, हे आधीच सांगून टाकते.

पहिल्या वर्षी माझे सगळे क्यूब पडले. अठरा, सतरा, एकोणीस. एका दुपारी मी यंत्रासमोर स्टुलावर बसून चक्क रडले. मामांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "रडू नगा शिवाताई. फुडचं क्यूब पडायचं न्हाईत." त्या सुमाराला मी राख आणखी बारीक दळून घ्यायला सुरुवात केली होती. पुढचा क्यूब एकतीसला फुटला. मग बत्तीस, तीस, पुन्हा एकतीस. मला वाटलं, हा दळण्याचा गुण. माझे मार्गदर्शक डॉ. रायगोंडा मगदूम सर हुरळून गेले, मी तर विचारूच नका. दोन शोधनिबंध छापून आले, दोन्हींवर माझ्यामागं सरांचं नाव. माझ्या वडिलांनी, म्हणजे निवृत्त सुभेदारांनी, लोणंदच्या घरावर लावायला 'डॉ. शिवांजली' अशी पितळी पाटीसुद्धा करून घेतली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

माल कालवायच्या वेळी मामा मला नेहमी खिडकीकडं पिटाळायचे. "फुफाटा उडतोय, छातीत जाईल. तुमी तिकडं बसून वही लिवा." मी जायचे. वही लिहायचे.

मग जतची टाकी आली. त्या गावाला वर्षातले सहा-सात महिने टँकरचं पाणी. टँकर आला की ते पाणी साठवायला धड जागा नाही. सरांनी खटपट करून आमच्या मिश्रणाची पहिली टाकी तिथं बांधायचं ठरवलं, शाळेच्या आवारात, पन्नास हजार लिटरची. मिश्रणाचा कागद मी बिरदेवच्या हातात दिला आणि त्यानंतर दोनदाच तिथं गेले. बाकी सगळं सांगलीतून फोनवर, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. टाकीचे सहा क्यूब बिरदेवनं स्वतः भरले, त्यांच्यावर खिळ्यानं तारीख कोरली आणि गोणपाटात गुंडाळून टेंपोतून पाठवले.

ते अठराला फुटले. सहाच्या सहा, अठरा आणि एकोणीस.

माझ्या प्रयोगशाळेत दोन वर्षं एकतीस येतंय आणि याच्या साईटवर अठरा. आता कुणीही काय म्हणेल? मी अहवाल लिहिला, 'साईटवर सिमेंटचं प्रमाण कमी ठेवल्याचं दिसतं.' सरांनी सही केली. मी गावात जाऊन तो वाचून दाखवला, आणि नुसतं वाचून थांबले असते तरी चाललं असतं. पण मी तो प्रश्न विचारला.

टाकी पाडून दुसऱ्या गवंड्याकडून पुन्हा बांधायची ठरली.

त्यानंतर तीन दिवसांनी, दुपारच्या चहाला, मी मामांना सगळी हकीकत सांगत होते. तावातावानं सांगत होते. असली माणसं संशोधनाची कशी वाट लावतात वगैरे. मामा बशीत चहा ओतून ऐकत होते. शेवटी त्यांनी हळहळून मान हलवली.

"त्यानं क्यूबात वरची ओंजळ घातली नसंल," मामा म्हणाले. "खुळाच दिसतोय गडी."

"कसली ओंजळ?"

"शिमिटाची. क्यूबाच्या मालाला वरची ओंजळ घालायचीच आसती. समद्या साईटीवर घालत्यात. न्हाईतर क्यूब पास कसं व्हायचं? आपण बी घालतो की."

मामा हसत होते. ते अगदी साधं, घरगुती काहीतरी सांगत होते, भाताला मीठ घालतात असं.

"आपण म्हणजे कोण, मामा?"

"मी घालतो न्हवं. तुमी रडला हुता बघा, त्या दिसापासनं. येका बी खेपंला चुकलो न्हाई."

मी उठले, सिमेंटचा डबा उघडला आणि म्हटलं, ओंजळ भरा. त्यांनी भरली. वजनकाट्यावर टाकायला लावली. सहाशे चाळीस ग्रॅम. पुन्हा भरायला लावली, सातशे दहा. तिसऱ्यांदा पाचशे नव्वद. तीन क्यूबच्या घाण्यात माझं सिमेंट साडेतीन किलोच्या आत असायचं. राख घालण्यासाठी मी जेवढं सिमेंट काढत होते, त्यातलं बहुतेक मामा ओंजळीनं परत घालत होते. आणि तेही मोजून नाही. दर खेपेला वेगळं. म्हणजे आता मागं जाऊन हिशेबानं दुरुस्त करावं म्हटलं तरी करता येणार नव्हतं. पहिलं वर्ष सोडलं तर वहीतला एकही आकडा खरा उरला नव्हता.

मी ओरडले. फार ओरडले. "तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" असं म्हणाले, आणि आणखी जे म्हणाले ते इथं लिहीत नाही. मामांच्या हाताला सिमेंट तसंच होतं. ते धुवायलाही हलले नाहीत. शेजारच्या प्रयोगशाळेतली मुलं दारात येऊन बघून गेली.

मी त्याच दिवशी नवे क्यूब भरले, एकटीनं, कडा वेड्यावाकड्या. सात दिवसांनी फोडले तरी अठ्ठावीस दिवसांचा अंदाज येतो. ते सात दिवस मी देवाला काय काय बोलले असेन! राखेत तेवढा गुण असू दे, मामांची ओंजळ फुकट गेलेली असू दे. मामा यायचे, झाडलोट करायचे, माझ्याशी बोलायचे नाहीत. शुक्रवारी भाकरीचा डबा टेबलावर होता. मी तो उघडला नाही.

सातव्या दिवशी क्यूब बाराला फुटले. अठ्ठाविसाव्या दिवशी अठरा आले असते. बिरदेवचे अठरा, माझे अठरा. कागदावर होतं तेवढंच त्यानं घातलं होतं, ओंजळभर जास्त नाही आणि ओंजळभर कमी नाही. सगळ्या जिल्ह्यात क्यूबमध्ये वरचं न घालणारा एक गवंडी मला भेटला होता, आणि त्यालाच मी गावासमोर उभं केलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी मगदूम सरांकडं गेले. सर वाईट नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, डोळे चोळले, परत लावला.

"नव्या टाकीचा कागद आजच बदल," ते म्हणाले. "राख नको, साधं मिश्रण दे. गावाला चांगली टाकी मिळेल. कुणाचं नुकसान होणार नाही."

"आणि अहवाल, सर?"

"अहवाल गेलाय. तो राहू दे." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "हे बघ शिवांजली, तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. तू फक्त बोलू नकोस. प्रबंध दिलाय, पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे. तुझी पीएचडी जाईल, निबंध मागं घ्यावे लागतील, आणि आकाराम मामांची चौकशी लागेल. चार महिन्यांसाठी त्या माणसाला घालवणार आहेस का? कशासाठी? एका गवंड्यासाठी? तो दुसरीकडं काम करेल. ही माणसं कुठंही काम करतात."

मी दोन दिवस गप्प बसले. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे. कागद बदलला, गावाला पाठवला आणि गप्प बसले. पितळी पाटी डोळ्यांपुढं येत होती, मामाही येत होते. मला असं वाटायला लागलं होतं की मी मामांसाठीच गप्प आहे. स्वतःला फसवायला एवढं सोयीचं कारण दुसरं मिळालं नसतं.

तिसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला. कागद मिळाला, नवा गवंडी कवठ्याहून येतोय, असं काहीतरी. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बिरदेवचं काय?

"त्यो व्हय? त्याला आता गावात कुणी चूल मांडायला बी बोलवीत न्हाई, मॅडम. तुमी आलता तवापासनं घरातच बसून हुता. परवा विजापुराकडं गेला बिगारीला. हितं नाव गेलं की गेलंच म्हणायचं."

फोन ठेवला आणि मामांना शोधायला गेले. ते मागच्या बाजूला साचे तेलानं पुसत बसले होते. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले आणि पहिल्यांदा, तीन वर्षांत पहिल्यांदा, त्यांना सांगितलं की आपण काय शोधत होतो. राख किती चालते ते शोधत होतो. चालत नसेल तर चालत नाही, हेच शोधायचं होतं. साईटवरचा क्यूब पास व्हायला भरतात, आपला क्यूब खरं सांगायला भरतात.

मामांचा हात थांबला. "म्हंजी पडल्यालं क्यूब बी तुमच्या कामाचं हुतं?"

"हो, मामा."

"आन् मला वाटायचं, पडलं की तुमी नापास." त्यांनी साच्याची कड अंगठ्यानं पुसली. "येकदा तरी सांगायचं हुतंसा, ताई. मी काय मुद्दाम केलं न्हाई."

ते मला फार लागलं. वजनकाटा कसा धुवायचा, राख कुठं ठेवायची, सगळं मी त्यांना सांगत आले होते. फक्त कशासाठी ते सांगितलं नव्हतं. त्यांना ते कळण्याची गरज आहे असं मला कधी वाटलंच नाही.

मग बिरदेवचंही सांगितलं. मामांनी साचा खाली ठेवला, हात पुसले. "उद्या जाऊ. मी बी येतो."

"मामा, चौकशी लागेल. नोकरी..."

"लागू द्या. त्या गड्यानं इमानानं क्यूब भरलं. माज्या हयातीत मी तसं येकदा बी भरलं न्हाई."

त्या संध्याकाळी मी कुलगुरूंना पत्र लिहिलं, निबंध आणि प्रबंध मागं घेत असल्याचं. सरांना त्याची प्रत दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि टेबलावर उलटी ठेवली.

सकाळच्या एसटीनं आम्ही जतला गेलो, तिथून जीपनं गावात. मी सरपंचांना आधी फोन केला होता, त्यामुळे शाळेच्या मैदानात माणसं होती, मागच्यापेक्षा जास्तच. नवा गवंडीही होता. टाकी अजून पाडली नव्हती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि या खेपेला माझा आवाज काही केल्या चढेना. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, ऐकू येईना!"

मी पुन्हा सांगितलं. बिरदेवनं सिमेंट चोरलेलं नाही. कागदावर होतं तेवढं त्यानं घातलं. कागद चुकीचा होता आणि तो मी दिला होता. ही टाकी माझ्या चुकीनं पडते आहे. मग मामा पुढं झाले. टोपी काढून हातात धरली आणि ओंजळीची गोष्ट सांगितली, जशी घडली तशी. नव्या गवंड्यानं मान खाली घातली. सरपंच म्हणाले, बरं झालं, खरं ते बाहेर आलं, झालं गेलं गंगेला मिळालं. दोन-चार माणसं जायला वळलीसुद्धा.

बनुबाई बायकांतून पुढं आली. जवळ आल्यावर कळलं की ती माझ्या खांद्याइतकीच आहे.

"ह्ये तवा का न्हाई बोललीस?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं, आजी."

"ठावं न्हवतं?"

"नाही. आईशप्पथ नाही."

"मग ठावं न्हवतं, तर माज्या ल्येकाला इचारलंस कशापायी, शिमिट कुठं गेलं म्हून? तुज्या त्या सांगलीतल्या माणसाला का न्हाई इचारलंस?"

सगळे थांबले. जाणारेही थांबले. मामांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं सांगायला पुष्कळ होतं. तीन वर्षांच्या वह्या होत्या, एकतीसचे आकडे होते, कुणालाही तसंच वाटलं असतं हे होतं. पण म्हातारी उत्तर मागत होती आणि ते मला माहीत होतं. प्रयोगशाळेचा आकडा आणि गवंड्याचा आकडा जुळला नाही, तेव्हा आपली वही एकदा तपासावी असं माझ्या मनात क्षणभरही आलं नव्हतं. क्यूब फुटायच्या आधीच कोण चुकणार ते ठरलेलं होतं.

"तो गवंडी होता म्हणून," मी म्हणाले.

बनुबाईनं ते ऐकलं. रडली नाही, शिवी दिली नाही. कमरेच्या पिशवीतून तिनं साधा बटणाचा फोन काढला, शेजारच्या बाईकडून नंबर लावून घेतला आणि माझ्या हातात दिला.

"त्येला बी आसंच सांग," ती म्हणाली. "ह्येच सांग. दुसरं कायबी नगं."

मी फोन कानाला लावला. तिकडं काँक्रीटचं मिक्सर फिरत असल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात बिरदेव, आईच बोलतेय असं समजून, मोठ्यानं विचारत होता, "बोल अव्वा, काय झालं?"